केस नसलेला फोटो

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका म्हाताऱ्या बाईंकडून गुडघ्याचा व्यायाम करून घेत होते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. अमेरिकेतल्या एका लहान गावातल्या रुग्णालयात नोकरी करते आणि ती नोकरी तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर चालते. फोन धाकट्या बहिणीचा होता. ती फक्त "ताई" म्हणाली आणि पुढचं मला कळलं. बाईंचा पाय मी हळूच खाली ठेवला, आज इतकंच पुरे म्हणाले, आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

घरी आले तर नवऱ्याने आधी जवळ घेतलं आणि मग नको ते विचारलं. "तुझ्या पासपोर्टवरचा शिक्का संपलाय, लक्षात आहे ना?" लक्षात होतं. तिथे राहून काम करायला माझे कागद धड होते, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत आत यायला पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का लागतो, आणि तो भारतात जाऊनच मिळवायचा. नवऱ्याचं आणि आमच्या सहा वर्षांच्या मुलीचं तिथलं राहणं माझ्या नोकरीला बांधलेलं. मी इकडे अडकले तर तिघांनीही गाशा गुंडाळायचा. तो काही चुकीचं बोलत नव्हता, तरी मला त्याचा भयंकर राग आला. "बाप माझा गेलाय, शिक्का नाही," असं म्हणून मी बॅग भरायला घेतली. मुलगी आपले मोजे आणून माझ्या बॅगेत टाकत होती, तिला वाटलं आपणही चाललो. तिला समजावताना मात्र माझा धीर सुटला.

आमचं गाव दिग्रसजवळ. नागपूरहून गाडी करून पोचले तेव्हा दारात माणसं बसलेली होती आणि बाबा बर्फाच्या पेटीत होते. आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. बाबांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काका, शेजारच्याच घरात राहतात. त्यांना मूलबाळ नाही. आम्हा दोघींना सायकल त्यांनीच शिकवली, शाळेच्या फॉर्मवर बाबांच्या जागी सहीसुद्धा तेच ठोकून द्यायचे. पण काकांना वाद घालता येत नाही, ते फक्त ठरवून टाकतात.

"मडकं मी धरतो," ते म्हणाले. तिरडी उचलायची वेळ झाली होती.

आई भिंतीशी बसली होती, तिथूनच बोलली, "मोठी आली ना. थेच धरन."

"बाईमाणूस मसणात जात नाही, वहिनी."

"काका," मी म्हणाले, "मी एवढ्या लांबून काय दारापर्यंतच यायला आले?" माझा आवाज चढला होता, माणसं बघायला लागली. खाली मान घालून काकांनी विस्तवाचं मडकं माझ्या हातात दिलं. ते इतकं गरम होतं की माझी बोटं पोळली, पण मी सोडलं नाही. मसणात अग्नीही मीच दिला.

खरी परीक्षा दहाव्याला होती. गावालगतच्या अरुणावती नदीच्या काठी सगळे जमले, पिंड मांडले, न्हावी वस्तरा घेऊन बसला. ज्याने अग्नी दिला त्याने केस द्यायचे, हा आमच्याकडचा रिवाज. काकांनी टोपी काढली आणि पुढे झाले, भावाचे केस त्यांनाही द्यायचे होते. त्यांचं झालं आणि मी जाऊन बसले. न्हावी माझ्याकडे बघेना, काकांकडेच बघत राहिला. "भाऊ, करू का?" काका उठले आणि नदीकडे तोंड करून उभे राहिले. मी स्वतःच वेणी सोडली आणि म्हटलं, "दादा, त्यांना काय विचारता, डोकं माझं आहे." आधी कात्री चालली, मग वस्तरा. वाऱ्याचा गारवा थेट कातडीवर लागला तेव्हा बाबा गेले हे मला पहिल्यांदा पूर्ण कळलं. मी तिथे जोरात रडले, कोण बघतंय याची फिकीर न करता. काकूंनी माझ्या डोक्यावर पदर टाकला, मी तो काढून त्यांच्या खांद्यावर परत ठेवला.

आता व्हिसा. मला आधी मिळालेला असल्यामुळे मुलाखतीला बोलावत नव्हते. फॉर्म, पासपोर्ट, नोकरीचं पत्र आणि नवे दोन फोटो पाकिटात घालून मुंबईच्या वकिलातीला टपालाने पाठवायचे, तिकडून शिक्का लागून पासपोर्ट टपालानेच परत येतो. ऐकायला सोपं. घोडं अडलं ते फोटोवर. फोटो आत्ताचा पाहिजे, जसे दिसता तसा. पासपोर्टवरच्या माझ्या फोटोत खांद्यावर वेणी, आणि आत्ताची मी तर सोललेला नारळ. बहीण म्हणाली, थोडे केस येऊ दे, मग पाठव. पण रुग्णालयाने रजा दिली होती ती मोजून मापून, केस काही माझ्या रजेकडे बघून उगवणार नव्हते. मी म्हटलं, नाहीत केस तर नाहीत. सोबत चिठ्ठी जोडते की वडील वारले म्हणून मुंडण केलंय. खरं सांगायला कसली भीती?

पण फोटो काढायला दिग्रसला जायचं कसं? काकांनी लगेच अडवलं. "ज्यानं अग्नी देल्ला थो तेरवीपर्यंत गावाची शीव ओलांडत नाही." मला हे ठाऊक नव्हतं. आईकडे पाहिलं तर तिने मान हलवली. मी मनात चरफडले, पण बोलणार काय? पोराचा हक्क भांडून घेतला होता, मग पोराचं बंधन नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. अर्धंच कसं पाळायचं?

मग दिग्रसचा फोटोवालाच गावात आला. तेरवीला मांडायला बाबांचा मोठा फोटो त्याच्याकडे करायला टाकला होता, तो घेऊन आला. कागद सोडला आणि आम्ही बघतच राहिलो. बाबांच्या अंगात निळा कोट होता. लाल टाय. मागे बर्फाचे डोंगर. माझ्या बापाने जन्मात कोट घातला नाही, लग्नातसुद्धा नाही.

"हे काय केलंत हो, भाऊ?"

"ताई, सगळ्यायचेच करतो ना. बनियनवर होते फोटोत, बरं दिसते काय?"

"कोट काढा."

"कोट काढला तं खाली काहीच नाही ताई, बनियन तं मी आधीच पुसलं."

बहीण तोंडात पदर कोंबून हसायला लागली, मग आई हसली, मग मीही. बाबा गेल्यापासून घरात पहिल्यांदा कुणी हसलं होतं. कोट राहिला. एरवी माणूस भला होता तो. माझा फोटो काढायला त्याने अंगणात दोन काठ्यांना पांढरी चादर बांधली, मला स्टुलावर बसवलं, कान दिसू द्या म्हणाला. कान सोडून दुसरं होतं काय दिसायला. "फोटो दुकानात छापून ठेवतो, कोणाले तरी पाठवा," असं सांगून तो गेला.

दुसऱ्या दिवशी काका आपणहून म्हणाले, "दे पाकीट. मी जातो दिग्रसले, फोटो घेऊन टाकतो अन् पोस्टात देतो." मला बरं वाटलं. नदीकाठी त्यांनी पाठ फिरवली होती ती माझ्या मनात रुतून बसली होती. वाटलं, निवळले. मी सगळे कागद लावून दिले, चिठ्ठी दिली, फोटो कुठे चिकटवायचा आणि कुठे नुसता ठेवायचा ते दोनदा सांगितलं. संध्याकाळी त्यांनी पोस्टाची पावती आणून माझ्या हातात ठेवली.

तेरवी झाली. पाहुणे गेले. घरात बाबांचा कोटातला फोटो, आई आणि मी. कापूस वेचणीला आला होता, काका सकाळीच बाया घेऊन वावरात जायचे. मी आईचे दुखते खांदे मोकळे करून द्यायचे, शेजारच्या चार म्हाताऱ्यांची कंबर-गुडघेही बघून झाली. आणि रोज सकाळी, म्हणजे तिकडची संध्याकाळ, मुलीशी बोलायचे. ती आधी फोनच्या जवळ येऊन माझं डोकं बघायची. "आज किती आलेत?" मी वाकून दाखवायचे. ती म्हणायची, "एवढे पुरेत, आता ये." काय सांगू तिला. मी म्हणायचे, पोस्टमनकाका पासपोर्ट घेऊन आले की निघालेच. तिने शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं की तिच्या आईला एका पोस्टमनने अडवून ठेवलंय.

पोस्टमन आला तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. पाकीट जाड होतं. मी सही केली आणि तिथेच फाडलं. आत माझा पासपोर्ट, कोरा. माझेच सगळे कागद परत. आणि वर एक छापील पान, त्यावर एका ओळीवर खूण: फोटोत फेरफार केलेला दिसतो, स्पष्टीकरणासह पुन्हा पाठवा.

कसला फेरफार? मी फॉर्म उलटला.

फोटोत मी होते आणि माझ्या डोक्यावर दाट काळे केस होते. मधोमध भांग. अंगात कोट, तोच निळा, बाबांच्या अंगातला. रंग असा की मला पीठ फासलंय. कपाळावर टिकलीसुद्धा होती. पाकिटात चिठ्ठी शोधली, मुंडण केल्याची माझी चिठ्ठी. ती नव्हतीच. म्हणजे ती कुणीतरी काढून घेतली होती.

माझं डोकं फिरलं. चपला घातल्या आणि तशीच वावरात गेले. काका तुरीच्या ओळींत उभे होते, बाया पलीकडे कापूस वेचत होत्या. मी फोटो त्यांच्या तोंडासमोर धरला.

"काका, हे तुम्ही केलं?"

त्यांनी नाकारलं नाही. "हाव, मीच सांगतलं त्याले. केस बसवून दे म्हटलं."

"कायले?" मी त्यांच्याच बोलीत ओरडले. वेचणाऱ्या बायांचे हात थांबले.

"कायले म्हणजे? थो साहेब बोडकी बाई पाह्यन तं काय म्हणन? इधवा म्हणन, नाही तं बिमार म्हणन. बिमार माणसाले कोणी घेते काय आपल्या देशात? तुले पोरीकडं जायचं हाय का नाही?" त्यांचा आवाजही चढला होता. "अन् थे चिठ्ठी. बाईनं अग्नी देल्ला, केस देल्ले, हे परक्या मुलखात कायले सांगत फिरतं? इथल्यायनं बोललेलं कमी झालं काय?"

मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे शेवटचं. म्हणजे गावात बोलत होते, आणि ते बोलणं काका रोज ऐकून घेत होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. पण त्या वेळी दया करायला माझ्याकडे जागा नव्हती. मी म्हणाले, "काका, सरकारला खोटा फोटो दिला असं त्यांनी ठरवलं तर नुसता हा व्हिसा नाही, पुढचा कुठलाच मिळणार नाही. कधीच. तिघांनाही सोडावं लागेल सगळं. कळतंय का तुम्हाला काय केलंत ते?"

काका मटकन बांधावर बसले. हातातली कापसाची बोंडं त्यांनी तशीच धरून ठेवली होती. "मी तं तुयं भलं पाह्यलं, माय," ते म्हणाले. मी त्यांना तिथेच सोडून घरी आले आणि आईसमोर रडले. रागाने रडले, भीतीने रडले. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मुलीला इतक्यात काही सांगू नको."

पण रडून काय होणार होतं. रुग्णालयात आमच्या व्हिसाचे कागद बघणारे एक गृहस्थ आहेत, फार शांत माणूस, त्यांना मी सगळं सांगितलं. कोट, केस, टिकली, काका. ते हसले नाहीत. म्हणाले, घडलं ते सगळं खरं लिहा, गाळू नका. फोटो ज्याने बदलायला लावला त्याचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र जोडा, कारणासकट. आणि लवकर करा, रजा आणखी वाढवून मिळणं अवघड आहे. महिनाअखेरपर्यंत मी परतले नाही तर माझ्या जागी दुसरी व्यक्ती घेणार होते.

म्हणजे सगळं काकांवर येऊन ठेपलं. त्यांनी स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं होतं की माझ्या पुतणीने बापाला अग्नी दिला, केस दिले, आणि मला ते झाकायचं होतं. जे ते गावापासून झाकत होते तेच स्टॅम्प पेपरवर. मी मनाशी म्हटलं, विनवण्या करणार नाही. नाही म्हणाले तर दारात धरणं धरून बसेन. खरंच बसले असते, माझा स्वभाव तसाच आहे.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. काकूंनी चहा ठेवला. मी काय लिहायचं ते सांगितलं, काही सौम्य न करता. काका चहाच्या कपाकडे बघत होते. त्यांच्याही डोक्यावर केस खुंटाएवढे आले होते, माझ्याएवढेच.

"अर्जनवीस गावातला हाय," ते म्हणाले. "दिग्रसले तहसीलपाशी बसते. थो सगळ्या गावाले सांगन."

"सांगू दे."

"तुले काय, तू जाशीन." काकू बोलल्या, अगदी हळू. "नाही जाऊन राह्यली ना थे, म्हून तं आली तुमच्या दारी." काकांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "सकाळच्या बसनं जाऊ."

दिग्रसच्या तहसीलबाहेर कडुलिंबाखाली टेबल टाकून अर्जनवीस बसतो, लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून देतो. आमच्याच गावचा, काकांच्या वर्गातला. त्याने कागद चढवला आणि नेहमीच्या सवयीने विचारायला लागला. मयत कोण? भाऊ. मयताला मुलं? दोन मुली. "अग्नी कोणी देल्ला, तुमीच ना?" असं म्हणत त्याने टाइपही करायला घेतलं.

काका म्हणाले, "नाही. थांब. मी नाही देल्ला."

"मंग?"

"हिनं." काकांनी माझ्याकडे हात केला. आजूबाजूला सात-बाराच्या कामाला आलेली माणसं उभी होती, ती बघायला लागली. काकांनी मग एकेक वाक्य सांगितलं, जसं कोर्टात सांगतात तसं, मोठ्याने. मोठ्या पुतणीनं मडकं धरलं. मोठ्या पुतणीनं अग्नी देल्ला. नदीवर केस देल्ले. मले बरं नाही वाटलं, मी फोटोवाल्याले केस बसवाले लावले, थिले न सांगता. थिची चिठ्ठी मीच काढून घेतली. थिची काही चूक नाही.

अर्जनवीस टाइप करता करता थांबला. "कर्ता म्हणून कोणाचं नाव टाकू?"

"सांगून राह्यलो ना. थिचंच टाक."

मी दुसरीकडे बघत होते, कारण मला बघवत नव्हतं. या माणसावर मी वावरात, बायांसमोर ओरडले होते. त्यांनी सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं, आणि अंगठाही दिला, मागितला नसताना. वर म्हणाले, "असू दे. पक्कं दिसते."

तिथून फोटोवाल्याकडे. त्याला प्रकार कळल्यावर तो हात जोडायला लागला. मी म्हटलं, हात जोडू नका, हात लावू नका एवढंच. त्याने नवा फोटो काढला, आणि मी त्याच्या मागे उभी राहून कॉम्प्युटरच्या पडद्यावर नजर ठेवली. फोटो आला, डोक्यावर काळी खुरटी दाढी असावी तसे केस, डोळ्यांखाली काळं, गालफडं बसलेली. बाप मेलेल्या बाईचा फोटो होता तो, जसा असायला हवा तसा. त्याचं बोट माउसवर वळवळत होतं. "ताई, नुसतं डोळ्याखालचं थोडंसं..." काका मागून म्हणाले, "अबे, ठेव ना जसं हाय तसं." मग त्याने मुकाट्याने छापलं.

चिठ्ठी मी नव्याने लिहिली. प्रतिज्ञापत्राचं इंग्रजी करून जोडलं. पोस्टाच्या खिडकीवर पाकीट मी स्वतः दिलं, वजन होईपर्यंत हलले नाही. काका बाकावर बसून होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि आम्ही बसची वाट बघत उभे राहिलो, फारसं न बोलता. माझा राग उतरला होता, भीती मात्र तशीच होती.

मग नुसती वाट बघणं. गावात बोलणं झालंच, अर्जनवीस काही गप्प बसणारा नव्हता. एकदा पारावर कुणीतरी काकांना विचारलं, "काहून गा, पोरीले पोरगा बनवला म्हणते?" काका म्हणाले, "बनवला नाही, होतीच." हे मला काकूंनी सांगितलं, काकांनी नाही. तिकडे मुलगी आता डोकं बघायची थांबली होती. ती फोनवर आली की दोन वाक्यं बोलून खेळायला पळायची, आणि ते मला कशाहूनही जास्त लागायचं. मी नवऱ्याला बजावलं, तिला रोज सांग की आई येतेय. बहुतेक नाही, येतेय. तिकीटही काढून ठेवलं मी, महिनाअखेरच्या आधीचं. नवरा म्हणाला, घाई करतेस. मी म्हटलं, तिकीट असलं की पासपोर्टला यावंच लागेल.

आणि आला. या वेळी पोस्टमन गावात यायची वाट मी बघितली नाही. पाकीट दिग्रसला पोचल्याचं फोनवर दिसलं तशी मी पहिली बस पकडली, काका धोतर सावरत मागून चढले. पोस्टाच्या खिडकीपाशीच पाकीट फाडलं. मधल्या एका पानावर नवा कोरा शिक्का होता आणि त्यात ती मी, खुरट्या डोक्याची, डोळ्यांखाली काळं असलेली. मी तिथेच खाली पायरीवर बसले. नवऱ्याला फोन लावला आणि फक्त "मिळाला" म्हणाले. तिकडे झोपेची वेळ झालेली, पण त्याने मुलीला उठवलं. ती म्हणाली, "पोस्टमनने सोडलं तुला?" सोडलं, म्हटलं. तीन दिवसांत येते.

काका शेजारी बसले. पासपोर्ट मागितला. धोतराला हात पुसून त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, बराच वेळ. मग बोटाने खालचे आकडे दाखवून विचारलं, "हे काय लिहेल हाय?"

"मुदत आहे, काका. तोपर्यंत मला कधीही येता-जाता येतं."

"किती सालाची?"

"तीन."

त्यांनी मनात हिशेब केला. ओठ हलताना दिसले मला. मग पासपोर्ट माझ्याकडे परत देत, रस्त्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे तीन सालाच्या आतच मरावं लागन मले."

मूलबाळ नसलेल्या काकांना काय विचारायचंय ते मला कळलं, आणि त्यांना ते यापेक्षा सरळ विचारता येणार नव्हतं. काकांपुढे रडले असते तर तेही रडले असते, आणि पोस्टात गर्दी होती.

"मरायची काही घाई करू नका," मी म्हणाले. "मुदत मी वाढवत राहीन."

काकांनी टोपी काढली, डोक्यावरून एकदा हात फिरवला, टोपी परत घातली आणि म्हणाले, "पाकीट मंग तूच टाकत जाय पोस्टात. मी नाही टाकत."